फोनचं खोपटं

जर्मनीत भाड्याचं घर शोधणं हा कांदेपोह्यांचाच कार्यक्रम असतो. आपण चांगले कपडे घालून जायचं, हसायचं, पगाराचे कागद दाखवायचे, आणि ते लोक ‘कळवतो’ म्हणतात ते कधीच कळवत नाहीत. दोन हजार सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं. नवरा हॅनोव्हरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होता, आणि मी जर्मन शिकून नुकतीच एका इंजिनियरिंगच्या ऑफिसात अर्धवेळ लागले होते. इतके नकार पचवले होते की येताजाता चिडायला लागले होते. मुळातच मी फटकळ, त्यात ती थंडी.

शेवटी ऑफिसातल्या एका बाईनं शहराबाहेरची एक वस्ती सुचवली. मोजकीच घरं, सुतारकामाचं मोठं वर्कशॉप आणि मागे सफरचंदाची झाडं. घरमालकीण सत्तरी ओलांडलेली, डोक्याला काळा रुमाल, पायात जाड लोकरी मोजे. वस्तीतले लहानथोर सगळे तिला ओमा म्हणत, म्हणजे आजी. आम्हीही तेच म्हणायचं असं तिनं पहिल्याच भेटीत सांगून टाकलं. पगाराचे कागद तिनं बघितलेसुद्धा नाहीत. विचारलं एवढंच, की तुम्ही टीव्ही बघता का. नाही म्हटलं, कारण अजून घेतलाच नव्हता. छान, ती म्हणाली, माझ्या घरात टीव्ही नसतो. आणि टेलिफोनही नसतो. चालेल?

माझा नवरा मोबाइल छातीवर ठेवून झोपणारा माणूस. त्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं तशी मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला आणि म्हटलं, या, नातुर्लिश, म्हणजे हो, अगदी चालेल. मोबाइलचं काय, हे त्यानं चाचरत विचारलंच. ओमा म्हणाली, वरच्या मजल्यावर तुमच्या खिशात काय आहे ते बघायला मी येणार नाही. पण खाली आमच्यात ते वाजता कामा नये. झालं, घर मिळालं.

नवऱ्यानं त्याच आठवड्यात पुण्याला सांगून टाकलं की आम्ही अमिश लोकांत राहतोय, घोडागाडीवाले. मी डोक्याला हात लावला, कारण दारात दोन मोटारी उभ्या होत्या. ओमाला हे सांगितलं तर ती पोट धरून हसली. अमिश इथले नाहीत, म्हणाली, ते सगळे केव्हाच अमेरिकेत गेले. आम्ही मेनोनाइट, साधं राहणारे ख्रिस्ती, त्यांचे भाऊबंदच म्हण ना. ओमाचं लहानपण आणि लग्न सगळं पॅराग्वेतल्या जर्मन शेतकऱ्यांच्या एका वसाहतीत झालेलं. तिथून ही थोडी घरं जर्मनीत परत आली होती. आपसातली त्यांची बोलीही वेगळीच, मला दहातला एखादा शब्द कळायचा.

त्यांचे नियम मला सुरुवातीला अजिबात झेपले नाहीत. मोटार चालते, कपडे धुवायचं मशीन चालतं, वर्कशॉपमध्ये फॅक्स चालतो, पण घरात फोन चालत नाही. हे कुठलं लॉजिक, असं मी ओमाच्या मोठ्या मुलाला तोंडावर विचारलं. हा सुतार, पन्नाशी ओलांडलेला, ओमासोबत खालच्या मजल्यावर राहायचा. त्यानं रंधा बाजूला ठेवून नीट विचार केला आणि सांगितलं की फॅक्स हाक मारत नाही. कागद येऊन पडतो, आपलं काम झालं की आपण बघतो. कुठलीही नवी वस्तू आली की आधी एका घरानं ती काही महिने वापरून बघायची आणि मग सगळ्यांनी एकत्र बसून ठरवायचं, अशी त्यांची रीत. ती वस्तू पाप आहे की पुण्य, असं कुणी विचारायचंच नाही. ती आल्यावर आपण एकमेकांशी कसे वागायला लागलो, एवढंच बघायचं.

आता फोन नव्हता असं नाही. फोन होता, पण तो बागेच्या टोकाला एका लाकडी खोपटात. हिरवा रंग दिलेलं, बाकावर एक माणूस बसेल एवढंच खोपटं. आत एक करड्या रंगाचा फोन, शेजारी निरोप ठेवायचं मशीन आणि ओमानं विणलेली उशी. फोनची घंटा बंद करून ठेवलेली. वाजण्याऐवजी नुसता एक लाल दिवा लुकलुकायचा. संध्याकाळी जेवणं झाली की एकेका घरातलं कुणीतरी बागेतून चालत जायचं, निरोप ऐकायचं, हवा तो फोन करून यायचं. आम्हीही रविवारी तिथूनच कार्ड वापरून पुण्याला बोलायचो. थंडीत पाय गोठायचे आणि मी आतून सगळ्यांच्या नावानं बोटं मोडायचे, तेही आठवतं. पण त्या बाकावर बसून केलेली बोलणी मला अजून आठवतात, आणि मोबाइलवरची एकही आठवत नाही.

ते खोपटं ओमाच्याच डोक्यातून निघालेलं. पूर्वी वस्तीत फोनच नव्हता. एका बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला उशीर झाला, ती कशीबशी वाचली, आणि मग तरुणांनी घरोघरी फोन हवा असा हट्ट धरला. म्हातारे नकोच म्हणून बसले. तेव्हा ओमा उभी राहिली आणि म्हणाली, अडीअडचणीला पोचेल इतका जवळ असू दे आणि आपल्याला ऊठसूट हाका मारणार नाही इतका लांब.

त्या खोपट्यावर सगळ्यांत जास्त जीव ओमाचाच. तिची एकुलती एक मुलगी लग्न करून पॅराग्वेतच राहिली होती. येणंजाणं परवडण्यातलं नव्हतं, त्यामुळे मायलेकींची भेट कित्येक वर्षांत नाही. दर शनिवारी दुपारी चारला, म्हणजे तिकडच्या सकाळी, मुलगी तिथल्या वसाहतीच्या फोनवरून बोलायची. ओमा साडेतीनलाच शाल गुंडाळून खोपट्यात जाऊन बसायची. मी वरून खिडकीतून बघायचे. ती त्या लाल दिव्याकडे अशी बघत बसायची, जशी दुधावर नजर ठेवून बायका बसतात.

माझ्या सासूबाई गेल्या आणि बाबा, म्हणजे माझे सासरे, पुण्यात एकटे पडले. पुढच्या वसंतात आम्ही त्यांना तीन महिन्यांच्या व्हिसावर इकडे आणलं. बाबांची अख्खी नोकरी टेलिफोन खात्यात गेलेली. लोक ज्या काळात फोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसत त्या काळात बाबा दारात दिसले की बायका ओवाळायला तबक घेऊन यायच्या, असं ते सांगायचे, आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नसावी. त्यांनी आल्याआल्या बागेतलं ते खोपटं बघितलं आणि ते हरखलेच. मग त्याचं कारण ऐकलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. फोन बाहेर? पावसात? आणि घंटा बंद? अगं, मग तो फोन कशाला म्हणायचा, असं दिवसभर पुटपुटत होते.

पण बाबांचा आणि ओमाचा सूर मात्र असा काही जुळला की मला नवल वाटलं. ओमाला इंग्रजी येत नव्हतं, बाबांना जर्मन. दोघं ओसरीवर बसून वाटाणे सोलायचे, आणि आपापल्या भाषेत बोलायचे. मी भाषांतर करायला गेले तर बाबा हातानं खुणावायचे, राहू दे, कळतंय. कसलं कळतंय? एकदा ओमा त्यांना गाय विण्याबद्दल सांगत होती आणि बाबा तिला सोलापूरच्या एक्स्चेंजमधल्या संपाबद्दल. दोघंही मान डोलवत होती.

त्या फोनवर खरखर फार यायची. बाबांच्या कानाला ते सहन होणं शक्यच नव्हतं. त्यांनी एका सकाळी खोपट्याच्या मागची पेटी उघडली, हिरवा पडलेला जोड तोडून, पॉलिशपेपरनं तारा घासून नवा केला, आणि खरखर गेली. त्या शनिवारी पॅराग्वेहून मुलगी म्हणाली, आई, तू आज एकदम जवळ आल्यासारखी वाटतेस. ओमा खोपट्यातून आली ती थेट बाबांपाशी, आणि तिनं दोन्ही हातांत त्यांचा हात धरला. बाबा पार लाजले. मला म्हणाले, हिला सांग, यात काही नाही, ऑक्सिडेशन होतं.

आणि मग ओमा पडली. केलरमध्ये, म्हणजे तळघरात, काकडीच्या लोणच्याच्या बरण्या आणायला गेली आणि पायरीवरून घसरली. कमरेचं हाड मोडलं. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी बजावलं की बरेच आठवडे पाठीवर पडून राहायचं, उठायचं नाही, बसवायचंसुद्धा जेमतेम. मुलानं तिची खाट बागेकडच्या खोलीत खिडकीला लावून टाकली, तिला झाडं दिसावीत म्हणून. झाडं दिसायचीच, पण झाडांच्या पलीकडे ते हिरवं खोपटंही दिसायचं.

पहिल्या शनिवारी तिच्याऐवजी मुलगा जाऊन बोलून आला. आता भाऊबहिणीचं फोनवरचं बोलणं काय असतं, कुणीही सांगेल. ठीक आहे, पाऊस झाला, ठीक आहे, ठेवतो. ओमानं त्याला विचारलं, तिचा आवाज कसा होता? त्यानं बराच विचार करून सांगितलं, नेहमीसारखाच. ओमानं भिंतीकडे तोंड फिरवलं. पुढच्या शनिवारी तेच, आणि त्याच्या पुढच्या शनिवारी मुलगा खोपट्यातून आला तो पडलेल्या चेहऱ्यानं. बहीण फोनवर रडत होती. आई पडून आहे यावर तिचा विश्वासच बसेना. आई गेलीय, तुम्ही माझ्यापासून लपवताय, असंच तिनं धरून ठेवलं होतं. तिला आवाज ऐकवा म्हणत होती, फक्त एकदा आवाज ऐकवा.

हे ऐकून मला राहवेना. मी नवऱ्याचा मोबाइल घेतला आणि तडक खाली ओमाच्या खाटेशी गेले. म्हटलं, ओमा, मुलगी तिकडे वेडीपिशी झालीय, आत्ता लावून देते, दोन शब्द बोला आणि ठेवा. कुणाला कळणारसुद्धा नाही. ओमा माझ्या हातातल्या त्या वस्तूकडे बराच वेळ बघत राहिली. तिला ती हवी होती, मी शपथेवर सांगते, इतकी हवी होती की तिचा हात अर्धा पुढे आलाच. मग तिनं माझा हात हळूच मागे सारला.

“घरात फोन असला की जेवताना माणूस उठतो,” ती म्हणाली. “हे मीच सगळ्यांना सांगितलं होतं. आता माझं हाड मोडलं म्हणून मी घरात फोन घेतला, तर उद्या कुणाला कुठल्या तोंडानं नाही म्हणू?”

मी वर आले आणि भांडी आपटत बसले. असला कसला नियम, आई आणि लेक दोघी झुरतायत आणि मध्ये बागेएवढं अंतर. बाबांना मी सगळं सांगितलं, पण रागाच्या भरात ओमाचं ते जेवतानाचं वाक्य तेवढं सांगायचं राहिलं. बाबा ऐकत होते. सोमवारी संध्याकाळी नवऱ्याला म्हणाले, मला जरा त्या हार्डवेअरच्या दुकानात ने, खोपट्याच्या लाइनला थोडी वायर हवी आहे.

त्यांच्या मनात काय होतं ते मला दुसऱ्या दिवशी ऑफिसातून परत आल्यावर कळलं. वर्कशॉपला सगळे पांगल्यावर, ओमाला डोळा लागलेला बघून, बाबांनी खोपट्यापासून कुंपणाच्या कडेनं, भिंतीच्या पायथ्यानं, खिडकीच्या फटीतून थेट तिच्या उशाशी पॅरलल लाइन ओढली. तिथे स्टुलावर त्यांनी आपला लाडका फोन ठेवला. इथल्या जुन्या बाजारात हौसेनं घेतलेला, गोल डायलचा, साईच्या रंगाचा. त्यावर ओमाचाच विणलेला रुमाल झाकला. मोबाइल तिला परका वाटला असेल, पण हा तर खोपट्यातलाच फोन, असा त्यांचा हिशोब. शनिवारी मुलीचा फोन येईल तेव्हा तिला एकदम आश्चर्याचा धक्का द्यायचा होता त्यांना. आयुष्यभर बाबांनी माणसांवर जी सर्वांत मोठी माया केली ती हीच, त्यांच्या उशाशी फोन आणून दिला.

पण खोपट्यातल्या फोनची घंटा बंद होती, बाबांच्या फोनची नव्हती. दुपारी घरातली सगळी ओमाच्या खोलीतच जेवायला बसत, ती पडल्यापासून. सगळ्यांनी माना खाली घालून प्रार्थना सुरू केली आणि रुमालाखालून फोन खणाणला. कुणीतरी लाकडाचा व्यापारी होता म्हणे. तो वाजत राहिला, वाजत राहिला. कुणी उचलला नाही.

मी पोचले तेव्हा ओमाचा मुलगा आमच्या जिन्यात उभा होता. त्यानं ती सगळी वायर काढून, चिखल पुसून, सुबक वेटोळं करून आणली होती, आणि दुसऱ्या हातात तो फोन. बाबांच्या हातात दोन्ही देऊन त्यानं डांके, म्हणजे धन्यवाद म्हटलं, मनापासून म्हटलं, आणि तो खाली गेला. त्यानं आरडाओरडा केला असता तर परवडलं असतं. बाबा वायरचं वेटोळं मांडीवर घेऊन खुर्चीत बसून राहिले.

“उभ्या आयुष्यात मला कुणी फोन परत केला नाही गं,” ते म्हणाले.

त्या रात्री ते धड जेवले नाहीत. तिकीट अलीकडचं करून द्या, मला पुण्याला जायचंय, हेच धरून बसले. नवरा समजूत काढून थकला आणि त्यानं हात टेकले. मलाही बाबांचा राग आला होता आणि त्यांची दयाही येत होती, आणि दोन्ही एकदम आलं की माझा आवाज चढतो. म्हटलं, बाबा, त्या बाईनं मलाही परतच पाठवलं होतं. ती म्हणते, घरात फोन असला की जेवताना माणूस उठतो. झालं, तुम्हाला काय त्याचं एवढं वाईट वाटून घ्यायचं?

बाबांनी चमकून माझ्याकडे बघितलं.

पुण्याच्या घरात फोन जेवणाच्या टेबलाशीच होता, हे मला माहीत होतं. तो सारखा वाजायचा हेही नवऱ्याकडून ऐकलं होतं. खात्यातला माणूस म्हटल्यावर अर्ध्या पेठेच्या तक्रारी घरीच यायच्या. कुणाची लाइन डेड, कुणाला ट्रंक कॉल लागत नाही. बाबा हातातला घास ठेवून उठायचे, सायकल काढायचे, जायचे. आणि सासूबाई दोन ताटं झाकून बसायच्या. हे बाबांनी त्या रात्री सांगितलं, माझ्याकडे न बघता. म्हणाले, हे ओमा म्हणते तेच तीही म्हणाली असती. तिला मी कधी विचारलंच नाही. मी त्यांच्या हातातलं वायरचं वेटोळं काढून घेतलं आणि पाणी आणून दिलं.

सकाळी बाबा आंघोळ करून, पांढरा शर्ट घालून मला म्हणाले, चल खाली, मला बोलायचंय. ओमाच्या खाटेशी उभं राहून त्यांनी हात जोडले. ओमानं ते जोडलेले हात धरले आणि त्यांना शेजारी बसवलं. माफी वगैरे मी भाषांतर करायच्या आतच आटोपली. मग बाबा खिडकीतून त्या खोपट्याकडे बघत राहिले आणि हळूहळू मला त्यांच्या चेहऱ्यावर खात्यातला जुना माणूस जागा होताना दिसला. म्हणाले, हिला विचार, फोन घरात येऊ नये असा नियम आहे ना?

हो, ओमा म्हणाली.

“मग खोपटं घराजवळ येऊ नये, असा काही नियम आहे का?”

मी भाषांतर केलं. ओमा अशी हसायला लागली की कमरेत कळ आली तरी हसू थांबेना. मुलाला हाक मारून आणलं. तो खिडकीतून बघून दाढी खाजवत राहिला. खोपटं नुसत्या ओंडक्यांवर टेकवलेलं होतं, उचललं तर येईल, एवढं म्हणाला. पण हे तिनं एकटीनं ठरवायचं नव्हतं. रविवारी प्रार्थनेनंतर सगळे बसतील, असं ठरलं.

त्या रविवारी वर्कशॉपमध्ये ते किती वेळ बसले होते, विचारू नका. आम्ही तिघं वरच्या खिडकीत दहावीच्या निकालाला बसावं तसे बसलो होतो. मुलगा मध्येच वर आला. एकच घोडं अडलं होतं. खोपटं खिडकीखाली आणायला कुणाची ना नव्हती. पण खिडकी उघडली आणि रिसीव्हर वायरीसकट आत आला, तर तो घरात आला असं होतं की नाही? एका म्हाताऱ्याचं म्हणणं, होतं. मी मनात म्हटलं, आता बोंबला. बाबांनी मात्र ही अडचण अगदी गंभीरपणे घेतली. त्यांना ती पटली होती. म्हणाले, रिसीव्हरची वायर मी कापून देतो. चौकटीवर टेकेल, पण आत उतरणार नाही, इतकीच ठेवतो. ओमानं कान खिडकीशी न्यायचा. मुलगा खाली निरोप घेऊन गेला आणि थोड्याच वेळात वर्कशॉपमधून माणसं बाहेर पडली. ओमा हिंडायला लागेपर्यंत असं करून बघायचं आणि मग पुन्हा बसायचं, असं ठरलं होतं.

मधल्या दिवसांत पुरुषांनी खोपट्याखालून दोन लांब वासे घालून ते अलगद उचललं आणि बागेतून आणलं. आतली विणलेली उशीसुद्धा हलली नाही. बाबा मागेपुढे पळत मराठीत सूचना देत होते, जरा डावीकडे, सांभाळून, तारेवर पाय देऊ नका, आणि ती सगळी धिप्पाड माणसं ते बिनचूक पाळत होती. खोपट्याच्या भिंतीला ओमाच्या खिडकीसमोर एक झडप कापली. मुलानं ओमाच्या खाटेखाली ठोकळे लावून ती चौकटीच्या उंचीला आणली. आणि बाबांनी रिसीव्हरची वायर मोजून, पुन्हा मोजून कापली. वायर कापताना त्यांचा चेहरा काय झाला होता. फोनच्या तारा लांबवण्यात सगळी हयात गेलेल्या माणसाचं ते काम नव्हतं. पण ती अगदी बरोबर आली, चौकटीवर टेकली आणि थांबली.

शनिवारी घरातल्या कुणी खोपट्यात बसायचं यावर चर्चाच झाली नाही. साडेतीनला बाबाच जाऊन बसले. घंटा बंद होती, त्यामुळे दिव्याकडे बघत बसणं आलं. ओमाच्या डोक्याला धुतलेला रुमाल बांधला होता. मी तिच्या खोलीत, पायथ्याशी उभी होते. चार वाजले, मग सव्वाचार. दिवा लागेना. गेल्या शनिवारीही मुलीनं भावाशी बोलता बोलता रडतच फोन ठेवला होता. आता ती फोन करेलच कशाला, असं माझ्या मनात आलं. ओमा छताकडे बघत होती.

मग झडपेतून बाबांचा आवाज आला, त्यांचा तो जुना सरकारी आवाज. “हॅलो, हं, होल्ड करा,” चक्क मराठीत, आणि चौकटीवर रिसीव्हर आला. ओमानं मान वळवली आणि कान टेकवला. पलीकडून काहीच ऐकू येईना. मग ओमानं त्यांच्या बोलीत एकच शब्द म्हटला, मुलीचं लाडाचं नाव असावं. त्यानंतर त्या रिसीव्हरमधून जो रडण्याचा आवाज आला तो मला माझ्या जागेवरून ऐकू आला. ओमा रडत नव्हती. ती डोळे मिटून, हुं, हुं करत होती, लहान मुलाला थोपटतात तसं, आणि एका हातानं खरोखरच चौकट थोपटत होती. मला मात्र तिथे उभं राहवेना. बाहेर आले तर बाबा खोपट्यातून निघून बागेच्या पार दुसऱ्या टोकाला, जिथं खोपटं आधी होतं तिथं, पाठ करून उभे होते. म्हटलं, बाबा, इतक्या लांब कशाला, तुम्हाला थोडंच कळतंय ती काय बोलते? म्हणाले, म्हणून काय झालं, आईलेकींचं बोलणं आहे. आणि रुमालानं चष्मा पुसत राहिले.

बाबांचा व्हिसा संपला तेव्हा ओमा अजून खाटेवरच होती. निरोप घेताना तिनं त्यांना लोणच्याची बरणी दिली. ती त्यांनी सामानात घातली नाही, हातात धरून नेली. पानगळीपर्यंत ओमा वॉकर घेऊन बागेत हिंडायला लागली. तेव्हा वस्ती पुन्हा बसली, आणि खोपटं परत जागेवर न्या असं ओमानंच सांगितलं. आता जाता येतं ना मला, म्हणाली, मग लांबच बरं. वाशांवर उचलून ते परत नेलं. रिसीव्हरची वायर मात्र कुणी बदलली नाही, आम्ही ते घर सोडेपर्यंत तरी. त्या आखूड वायरीमुळे सगळ्यांना फोनवर वाकून बोलावं लागायचं.

पुण्याला गेल्यावर बाबांनी त्यांचा फोन जेवणाच्या टेबलाजवळून हलवून बाहेर पॅसेजमध्ये, चपलांच्या कपाटावर नेल्याचं कळवलं. नवऱ्याला वाटलं, बाबांवर वस्तीचं खूळ बसलंय, उतरेल. एका रविवारी मी नेहमीच्या वेळेच्या जरा आधीच खोपट्यातून फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. एकटं राहणारं म्हातारं माणूस, माझ्या मनात नको नको ते आलं. नवऱ्याला हाक मारायला उठणार होते, पण म्हटलं शेवटचं बघावं, म्हणून आणखी एकदा लावला आणि त्यांनी उचलला. मी घाबरून गेले होते, म्हणून भांडलेच. बाबा, कुठे होतात, किती वेळ वाजतोय, ऐकू येत नाही का?

“ऐकू येत होतं गं,” बाबा शांतपणे म्हणाले. “जेवत होतो. हल्ली तुझ्या सासूचा फोटो समोर ठेवून जेवतो. मधेच उठलो नाही.”